पिंजरा-संयुगे आणि त्यांच्यापासून झालेली औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवताना या विषयावर दोन प्रकारची माणसे प्रश्न पाठवतात. एक म्हणजे बी.एस्सी., एम.एस्सी. आणि फार्मसीचे विद्यार्थी. दुसरे म्हणजे घरात कुणाला पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा मधुमेह आहे आणि गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचून ज्यांना ते रसायन समजून घ्यावेसे वाटते, असे लोक. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोळी सुरू करणे, बंद करणे किंवा तिचे प्रमाण बदलणे हे मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

१. पिंजरा-संयुग म्हणजे नेमके काय?

कार्बनचे अणू साखळीत जोडले जातात तसे वलयातही जोडले जातात. बेंझिनचे वलय सपाट असते. पण अनेक वलये एकमेकांच्या बाजू वाटून घेत सर्व बाजूंनी बंद झाली की तयार होणारा रेणू त्रिमितीय आणि ताठ होतो. त्याला पिंजरा-संयुग म्हणतात. दोन नावे पुन्हा पुन्हा येतील. अ‍ॅडमँटेनमध्ये १० कार्बन आणि १६ हायड्रोजन असतात आणि त्याचा सांगाडा म्हणजे हिऱ्याच्या स्फटिकातला सर्वांत छोटा पूर्ण पिंजरा. क्युबेनमध्ये ८ कार्बन आणि ८ हायड्रोजन असतात आणि ते कार्बन घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसलेले असतात. या छोट्या पिंजऱ्यांच्या आत औषध भरून पाठवतात असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसे नाही. आत तेवढी जागाच नसते. उपयोगी पडतो तो बाहेरचा आकार.

२. नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या सांगाड्याचा औषधाशी संबंध काय?

अ‍ॅडमँटेन एकटे घेतले तर ते औषध नाही. त्यात आम्ल नाही, अल्कली नाही, चटकन अभिक्रिया करणारा गटही नाही. पण शरीरातल्या प्रथिनांना खोबणी असतात आणि त्यातल्या अनेक खोबणी तेलकट स्वभावाच्या असतात. गोलसर, पाण्यापासून लांब राहणारा आणि न वाकणारा अ‍ॅडमँटेनचा गोळा तिथे नीट बसतो. त्याच्या एका कोपऱ्यावर अमिनो गट (एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन) लावला की रेणूला विद्युतभार मिळतो, तो पाण्यात विरघळू लागतो आणि त्याचे टोक कुठल्या दिशेला राहील हेही ठरते.

लांब, लवचीक साखळी खोबणीत शिरताना शंभर रूपांतून एक रूप निवडते आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. पिंजऱ्याचे रूप आधीच ठरलेले असते, त्यामुळे ती किंमत वाचते. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे : या औषधांत आकार स्वतः काम करतो. प्रथिनाला चिकटणे, रेणूला टिकवणे, नको ती अभिक्रिया अडवणे ही तिन्ही कामे तो करतो, हे पुढच्या उत्तरांत दिसेल.

३. अ‍ॅडमँटेन पहिल्यांदा कुठे सापडले?

खनिज तेलात. १९३३ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, मोराव्हिया प्रांतातल्या होडोनिनच्या तेलातून लांडा आणि माखाचेक यांनी ते वेगळे केले. प्रयोगशाळेत ते १९४१ मध्ये व्लादिमिर प्रेलॉग यांनी बनवले. पण त्या मार्गाने हाती येई ते फारच थोडे, म्हणून वीसेक वर्षे हा पदार्थ दुर्मीळच राहिला.

चित्र बदलले ते १९५७ मध्ये. प्रिन्स्टनचे पॉल श्लायर डायसायक्लोपेंटाडाइन या स्वस्त औद्योगिक पदार्थाचे हायड्रोजनीकरण करून त्यावर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची क्रिया बघत होते. त्यांना वेगळेच काहीतरी शोधायचे होते, आणि मिश्रणात अ‍ॅडमँटेनचे स्फटिक निघाले. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या सहवासात कार्बनचा सांगाडा पुन्हा पुन्हा मोडतो आणि जुळतो, आणि अखेर त्या सूत्राच्या सर्वांत स्थिर रचनेवर येऊन थांबतो. १० कार्बन आणि १६ हायड्रोजन यांची सर्वांत स्थिर रचना म्हणजे अ‍ॅडमँटेनच. पुढची सगळी औषधे शक्य झाली ती या एका स्वस्त पायरीमुळे, म्हणून वर्गात मी त्यावर एक अख्खा तास देतो.

४. क्युबेन कुणी बनवले? ते इतके अवघड का मानत?

शिकागो विद्यापीठाचे फिलिप ईटन आणि त्यांचे सहकारी टॉमस कोल यांनी, १९६४ साली. चार बंध असलेल्या कार्बनला आपले बंध साधारण १०९.५ अंशांवर ठेवायला आवडतात. घनाच्या कोपऱ्यात ते ९० अंशांवर दाबावे लागतात, तेही आठही कोपऱ्यांवर. त्यामुळे असा रेणू बनला तरी टिकणार नाही, असे अनेक रसायनशास्त्रज्ञांना वाटत होते.

ईटन यांनी घन थेट बांधला नाही. त्यांनी ब्रोमीन असलेले पाच कार्बनचे एक वलय घेतले, ज्याचे दोन रेणू आपोआप एकमेकांना जोडले जातात. त्या जोडीवर प्रकाश टाकला की दोन दुहेरी बंध समोरासमोर येऊन चौकोन तयार होतो आणि पिंजरा बंद होतो. पण हा पिंजरा अजून घन नाही, कारण त्याच्या दोन कड्यांत एकेक कार्बन जास्त आहे. इथे त्यांनी फाव्होर्स्की अभिक्रिया वापरली. तीव्र अल्कलीत पाच बाजूंचे वलय आकसून चार बाजूंचे होते आणि जास्तीचा कार्बन कार्बॉक्सिलिक आम्लाचा गट होऊन बाहेर लटकतो. तो गट काढून टाकायचा, आणि हेच दुसऱ्या बाजूला करायचे. उरतो तो स्वच्छ घन.

हाती आलेले स्फटिक सुमारे १३१ अंश सेल्सिअसला वितळतात आणि खोलीच्या तापमानाला आरामात राहतात. ईटन यांचे २०२३ मध्ये निधन झाले, तोवर जवळजवळ सहा दशके ते या रेणूशी नाते राखून होते.

५. क्युबेनमध्ये एवढा ताण आहे, तर तो फुटत का नाही?

ताण खराच आहे, एका मोलमागे सुमारे १६० किलोकॅलरी. पण ताण असणे आणि मोडण्याची वाट सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी. घनाचा एक बंध तुटला तरी उरलेले चौकोन त्या दोन कार्बनना जवळच धरून ठेवतात, म्हणून एका बंधाने फारशी सुटका होत नाही. दोन बंध एकदम तोडून मोकळे व्हावे तर कक्षकांच्या (रेणूत इलेक्ट्रॉन जिथे असतात त्या जागांच्या) सममितीचे नियम उष्णतेवर ते होऊ देत नाहीत. म्हणून २०० अंशांपर्यंत तरी तो तग धरतो.

आडवाट मात्र आहे : काही धातू. चांदीच्या आयनांमुळे क्युबेनचे बंध नव्याने जुळून क्युनेन नावाचा दुसरा पिंजरा होतो आणि ऱ्होडियममुळे घन उघडू लागतो. क्युबेनवर काम करताना धातूंची उत्प्रेरके जपून का निवडावी लागतात, ते यावरून कळेल.

६. क्युबेन स्फोटक असते म्हणे. मग त्यापासून औषध कसे?

ही शंका आठ नायट्रो गट लावलेल्या क्युबेनमुळे आली आहे. ईटन यांच्याच गटाने ते २००० च्या सुमारास बनवले आणि त्यामागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या गरजा होत्या. तिथे स्फोटाची ताकद नायट्रो गट आणि घनाचा ताण या दोन्हींतून येते. साध्या क्युबेनचे किंवा त्याच्या आम्लांचे तसे नाही. क्युबेनच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर एस्टर गट असलेला पदार्थ आज विकत मिळतो आणि औषधांच्या बहुतेक प्रयोगांची सुरुवात त्यापासूनच होते. अ‍ॅडमँटेनमध्ये तर ताण जवळपास नसतोच. त्यामुळे घरातल्या गोळीबाबत ही भीती बाळगू नका.

७. वडिलांना पार्किन्सनसाठी अमँटाडिन दिले आहे. इंटरनेटवर ते फ्लूचे औषध म्हणून दिसते. चूक तर झाली नाही ना?

नाही. दोन्ही खरे आहे, आणि औषधांच्या इतिहासातली ही फार सुंदर गोष्ट आहे.

अमँटाडिन म्हणजे अ‍ॅडमँटेनच्या एका कोपऱ्यावर लावलेला एक अमिनो गट. बस्स, एवढेच. अमेरिकेत १९६६ मध्ये त्याला एका प्रकारच्या फ्लूपासून बचावासाठी मान्यता मिळाली. १९६८ मध्ये पार्किन्सन असलेल्या ५८ वर्षांच्या एका बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेतली. त्या काळात त्यांचे कंप, ताठरपणा आणि हालचालींतला मंदपणा लक्षात येण्याजोगा कमी झाला आणि गोळी बंद केल्यावर पुन्हा वाढला. त्यांनी ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना सांगितली. बॉस्टनचे रॉबर्ट श्वाब आणि सहकाऱ्यांनी मग ती इतर रुग्णांवर तपासली आणि १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या बाईंनी आपल्या शरीराकडे इतक्या बारकाईने पाहिले नसते, किंवा डॉक्टरांनी ते ऐकून सोडून दिले असते, तर हा उपयोग कळायला किती वेळ लागला असता कोण जाणे.

मेंदूत हा रेणू एनएमडीए नावाच्या ग्राहीच्या (चेतापेशीवर संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या) मार्गात अडथळा आणतो आणि डोपामिनच्या कामालाही हातभार लावतो. आज त्याचा विशेष उपयोग होतो तो लेव्होडोपा हे पार्किन्सनचे मुख्य औषध बरीच वर्षे घेतल्यावर होणाऱ्या नकळत, वेड्यावाकड्या हालचालींसाठी.

घरच्यांनी लक्ष ठेवावे अशा गोष्टी : झोप उडणे (म्हणून दुसरी गोळी बहुधा रात्री देत नाहीत), घोटे सुजणे, पायांवर जाळीसारखे जांभळट डाग, आणि वयस्कर माणसांत गोंधळ किंवा नसलेली माणसे दिसणे. शेवटचे दिसले तर लगेच कळवा. गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानेही त्रास होतो.

८. मग फ्लूसाठी अमँटाडिन आता का देत नाहीत?

कारण विषाणू बदलला. इन्फ्लुएन्झा 'ए'च्या आवरणात एम-टू नावाचे प्रथिन असते. त्याच्या चार प्रती मिळून एक अरुंद नळी होते आणि त्यातून हायड्रोजनचे आयन आत गेले की विषाणू आपले जनुकीय साहित्य मोकळे करतो. अ‍ॅडमँटेनचा गोळा या नळीत बूच बसावे तसा बसायचा. पुढे त्या प्रथिनातल्या ३१ व्या जागेवरचे सेरीन बदलून अ‍ॅस्परजीन आले आणि बूच बसेनासे झाले. हा बदल इतका पसरला की जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फ्लूसाठी अमँटाडिन आणि त्याचे भावंड रिमँटाडिन न वापरण्याची सूचना दिली. इन्फ्लुएन्झा 'बी'वर तर ते कधीच चालत नव्हते, कारण त्याची नळी वेगळी असते.

यावरून लक्षात येते की ताठ आकाराची एक दुखरी बाजूही आहे : खोबण जराशी बदलली तरी हा रेणू वाकून जुळवून घेऊ शकत नाही.

९. आईला मेमँटिन सुरू केले आहे. तिची स्मृती परत येईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मेमँटिनने अल्झायमर बरा होत नाही आणि गेलेल्या आठवणी परत येत नाहीत. मध्यम ते तीव्र टप्प्यात काही रुग्णांची रोजची कामे, बोलणे आणि लक्ष थोड्या काळासाठी जास्त टिकते. परिणाम माफक असतो. पण ज्या घरात आई स्वतः जेवते की भरवावे लागते याने दिवस ठरतो, तिथे माफक परिणामालाही किंमत असते.

रसायन असे : अमँटाडिनच्याच पिंजऱ्यावर आणखी दोन मिथिल गट. १९६० च्या दशकात एका अमेरिकन कंपनीने ते मधुमेहासाठी बनवले होते, पण त्याने रक्तातली साखर उतरली नाही. नंतर जर्मनीत मेंदूवरचा त्याचा परिणाम अभ्यासला गेला. युरोपात २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये त्याला अल्झायमरसाठी मान्यता मिळाली.

एनएमडीए ग्राहीची वाहिनी सतत अर्धवट उघडी राहिली तर कॅल्शियम आत शिरत राहते आणि चेतापेशीला इजा होते. ती वाहिनी घट्ट बंद करणारी औषधे मेंदूचे नेहमीचे कामही बंद पाडतात. मेमँटिन वाहिनी उघडी असेल तेव्हाच आत बसते आणि खरा, जोराचा संदेश आला की पटकन बाजूला होते. म्हणून ते माणसाला सोसते.

सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने होते आणि दर आठवड्याला थोडी वाढ करत २० पर्यंत नेतात. चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि कधी वाढलेला गोंधळ हे त्रास होऊ शकतात. लघवीशी संबंधित एक महत्त्वाचा मुद्दा प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. मधुमेहाच्या कुठल्या गोळीत हा पिंजरा असतो?

व्हिल्डाग्लिप्टिन आणि सॅक्साग्लिप्टिन या दोन्हींत. व्हिल्डाग्लिप्टिनला युरोपात २००७ मध्ये आणि सॅक्साग्लिप्टिनला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. भारतात व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपल्यावर अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले आणि किंमत चांगलीच उतरली. त्यामुळे आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हा हिऱ्याच्या सांगाड्याचा तुकडा जेवणाच्या टेबलावर असतो.

ही औषधे डीपीपी-फोर नावाच्या विकराला (शरीरातल्या अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) रोखतात, त्यामुळे जेवणानंतर इन्सुलिनला चालना देणारी आतड्यातली संप्रेरके जास्त वेळ टिकतात. विकराला धरून ठेवण्याचे मुख्य काम करतो रेणूतला नायट्राइल गट (तिहेरी बंधाने जोडलेले कार्बन आणि नायट्रोजन). मग पिंजरा कशाला? याच रेणूत एक अमाइन गटही असतो आणि तो वळून स्वतःच्याच नायट्राइलवर चाल करतो. तसे झाले की वलय बनते आणि औषध निकामी होते, अगदी गोळीच्या पाकिटातसुद्धा. अ‍ॅडमँटेनचा बोजड गोळा अमाइनजवळ ठेवल्याने हे वळणे अवघड होते. इथे पिंजरा राखणदार आहे.

वापराबाबत दोन सूचना. व्हिल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांनी यकृताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीत हृदय निकामी होण्याच्या कारणाने दाखल झालेल्यांचे प्रमाण ३.५ टक्के होते आणि तुलनेच्या गटात २.८ टक्के. म्हणून हृदय कमकुवत असेल तर ते आधी सांगावे.

११. मुरुमांच्या जेलमध्येही अ‍ॅडमँटेन असते का?

हो, अ‍ॅडापॅलिनमध्ये. 'अ' जीवनसत्त्वाच्या ग्राहींना जुळणाऱ्या लांबट रेणूच्या एका बाजूला अ‍ॅडमँटेन लावलेले असते. जुनी रेटिनॉइड औषधे उजेडात लवकर खराब होतात, अ‍ॅडापॅलिन त्यांच्यापेक्षा बरेच टिकाऊ आहे. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच लावावे. गरोदरपणात वापरू नये.

१२. मलेरियावरही असे औषध आहे असे ऐकले. ते खरे का?

खरे आहे, आणि त्याचा संबंध थेट भारताशी आहे. आर्टेरोलेन आणि पिपेराक्विन यांची एकत्रित गोळी रॅनबॅक्सीने २०१२ मध्ये भारतात आणली. दिवसातून एकदा, तीन दिवस.

मलेरियावरचे नावाजलेले आर्टेमिसिनिन एका वनस्पतीपासून मिळते, त्यामुळे त्याचा पुरवठा पिकावर अवलंबून असतो. आर्टेरोलेन पूर्णपणे कारखान्यात बनते. दोघांचे हत्यार एकच : दोन ऑक्सिजन अणूंमधला नाजूक बंध. मलेरियाचा परजीवी रक्तातले हिमोग्लोबिन खातो तेव्हा लोह मोकळे होते. ते हा बंध तोडते आणि तयार झालेले मूलक (चटकन अभिक्रिया करणारे रेणूचे तुकडे) परजीवीलाच मारतात. पण इतका नाजूक बंध गोळीत आणि पोटात टिकवायचा कसा? रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या एका बाजूला अ‍ॅडमँटेनचा गोळा आणून बसवला. लोहाला वाट मिळते, पण बंध वेळेआधी फुटत नाही. प्रश्न १० मधल्या राखणदारीचाच हा दुसरा प्रकार, आणि मला तो जास्त कठीण वाटतो, कारण इथे बंध वाचवायचाही आहे आणि योग्य जागी तुटूही द्यायचा आहे.

१३. क्युबेनपासून बनलेले औषध बाजारात आहे का?

नाही. अजून एकाही क्युबेन-औषधाला मान्यता मिळालेली नाही. पण कल्पना पक्की आहे आणि ती ईटन यांचीच. १९९२ मध्ये त्यांनी मांडले की क्युबेनच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले अंतर सुमारे २.७२ अँग्स्ट्रॉम (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आहे आणि बेंझिनच्या समोरासमोरच्या कार्बनमधले २.७९. म्हणजे एखाद्या औषधातले बेंझिनचे वलय काढून तिथे घन बसवला तर दोन्ही टोके जवळपास होती तिथेच राहतील.

हे जुळते का, ते नीट तपासले ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या क्रेग विल्यम्स यांच्या गटाने, २०१६ मध्ये. त्यांनी ओळखीची औषधे आणि कीडनाशके घेऊन त्यांतले बेंझिन बदलून क्युबेन घातले. त्यात कर्करोगावरचे व्होरिनोस्टॅट होते आणि जागा बधिर करणारे बेंझोकेनही. बहुतेक ठिकाणी परिणाम टिकला किंवा वाढला.

बेंझिन बदलावेसे वाटण्याचे कारण साधे आहे. सपाट वलये एकमेकांवर थर लावून बसतात, त्यामुळे औषध पाण्यात कमी विरघळते. शिवाय यकृतातली विकरे बेंझिनवर ऑक्सिजन चढवतात आणि त्यातून कधी कधी घातक पदार्थ बनतात. घनाच्या बाबतीत थर लागत नाहीत. अडचण किमतीची आहे. प्रश्न ४ मधला मार्ग वाचलात तर घन बांधायला किती पायऱ्या लागतात ते दिसते, आणि बेंझिन तर कवडीमोल आहे. मान्यता मिळायला उशीर होतोय त्यात या हिशोबाचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते.

१४. क्युबेनपेक्षा सोपा पर्याय आहे का?

आहे. पाच कार्बनचा बायसायक्लोपेंटेन नावाचा इवलासा पिंजरा. २०१२ मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरसाठी तपासल्या जाणाऱ्या एका रेणूतले बेंझिन काढून तो बसवला. परिणाम टिकला आणि विद्राव्यता व पेशींत शिरण्याची क्षमता वाढली. तेव्हापासून औषध-कंपन्यांत त्याची मागणी क्युबेनपेक्षा कितीतरी जास्त आहे. एक मर्यादा लक्षात ठेवा : तो बेंझिनपेक्षा आखूड आहे. टोकांमधले अंतर अचूक हवे असेल तर घनच जवळचा.

१५. हा पिंजरा शरीरातून बाहेर कसा पडतो? यकृत त्याला मोडते का?

अमँटाडिनचा पिंजरा शरीर मोडत नाही. जवळजवळ सगळे औषध जसेच्या तसे लघवीतून जाते. म्हणूनच मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते साठत जाते आणि प्रश्न ७ मधले त्रास वाढतात. वयस्कर रुग्णाचे क्रिएटिनिन पाहूनच डोस ठरवावा, तो याच कारणाने.

मेमँटिनचाही मोठा भाग न बदलता लघवीतून जातो, आणि तिथे लघवीची आम्लता महत्त्वाची ठरते. लघवी अल्कधर्मी झाली, तर बाहेर टाकण्याचा वेग सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. पित्तासाठी वारंवार सोडा घेणारे, लघवीचा तीव्र जंतुसंसर्ग झालेले किंवा आहारात एकदम मोठा बदल केलेले रुग्ण यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

अपवाद सॅक्साग्लिप्टिनचा. यकृतातली विकरे त्याच्या अ‍ॅडमँटेनवरच एक हायड्रॉक्सिल गट चढवतात आणि तयार झालेला पदार्थही औषधासारखाच काम करतो, मूळच्या साधारण निम्म्या ताकदीने. 'पिंजऱ्याला यकृत हात लावत नाही' हे वाक्य परीक्षेत सरसकट लिहू नका.

१६. पिंजरा मोडल्यावरच काम करणारे औषध आहे का?

हेक्झामीन. अ‍ॅडमँटेनच्याच सांगाड्यात चार कोपऱ्यांवर कार्बनऐवजी नायट्रोजन. फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया एकत्र केले की ते आपोआप बनते, आणि बुटलेरॉव्ह यांनी ते १८५९ मध्येच मिळवले होते. म्हणजे अ‍ॅडमँटेन सापडायच्या आधीपासून त्याचे नायट्रोजनवाले भावंड आपल्या हाती होते.

आम्लधर्मी लघवीत हा पिंजरा मोडतो आणि फॉर्माल्डिहाइड सुटते, जे जिवाणूंना मारते. रक्तात आम्लता नसल्याने तिथे तो अखंड राहतो. पुन्हा पुन्हा लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या २४० स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जुने औषध रोजच्या कमी डोसच्या प्रतिजैविकापेक्षा कमी पडले नाही. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना ही बातमी मला फार मोलाची वाटते. सल्फा गटाच्या औषधांसोबत मात्र ते देत नाहीत.

१७. निसर्गात असे पिंजरे असतात का? कापूर त्यातलाच का?

कापराचा रेणू दोन वलयांचा आणि पुलासारख्या जोडणीचा आहे. पूर्ण पिंजरा नव्हे, पण त्याच वळणाचा. गोलसर रेणू एकमेकांना सैलच धरतात, म्हणून कापूर न वितळता हवेत उडून जातो. अ‍ॅडमँटेनही तसेच उडते आणि त्याला वासही कापरासारखाच येतो. बाटली उघडल्यावर नवख्या विद्यार्थ्याला देवघर आठवते.

पूर्ण पिंजऱ्याचे उदाहरण हवे तर कोकणात ज्याला केंड म्हणतात त्या फुगणाऱ्या माशाच्या कुळात मिळणारे टेट्रोडोटॉक्सिन घ्या. त्यात ऑक्सिजन गुंतलेला अ‍ॅडमँटेनसारखा सांगाडा असतो. ते चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या बंद करते आणि त्यावर उतारा नाही. शिजवूनही ते नाहीसे होत नाही, म्हणून जाळ्यात आलेला केंड खाऊ नये.

१८. फुलरीन आणि सायक्लोडेक्स्ट्रिन यांना पिंजरा-संयुगे म्हणायचे का?

६० कार्बनचे फुलरीन हा पिंजराच आहे, पण त्याच्या भिंती बेंझिनसारख्या दुहेरी बंधांच्या असतात, त्यामुळे त्याचे रसायन वेगळे पडते. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेच्या घटकांचे दोन्ही बाजूंनी उघडे कडे. इथे मात्र आतल्या पोकळीचाच उपयोग होतो. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम देतात. शस्त्रक्रिया संपल्यावर सुगामाडेक्स नावाचे सायक्लोडेक्स्ट्रिन टोचले की ते रोक्युरोनियमला आपल्या पोकळीत ओढून घेते आणि रुग्णाचे स्नायू काही मिनिटांत काम करू लागतात. प्रश्न १ मध्ये 'आत औषध भरत नाहीत' लिहिले आहे ते छोट्या पिंजऱ्यांपुरते.

१९. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एखादे पिंजरा-संयुग बनवता येईल का? भारतात यावर कुठे काम होते?

एक नक्की येईल : कुकसन यांचे डायकीटोन. डायसायक्लोपेंटाडाइन तापवून सायक्लोपेंटाडाइन मिळवा. ते लगेच वापरायचे, कारण ठेवले तर पुन्हा जोडी करते. थंड द्रावणात ते बेंझोक्विनोनशी मिसळले की डील्स-आल्डर अभिक्रिया होऊन पिवळे स्फटिक मिळतात. हे इथिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवून काचेच्या भांड्यात उन्हात ठेवा. दोन दुहेरी बंध जोडले जाऊन पिंजरा बंद होत जातो तसा द्रावणाचा पिवळा रंग फिका पडत जातो आणि शेवटी बिनरंगी द्रावण उरते. अभिक्रिया पूर्ण झाल्याचे रंगच सांगतो. बेंझोक्विनोन डोळ्यांना आणि त्वचेला झोंबते, म्हणून धुराच्या कपाटात, हातमोजे घालून आणि शिक्षकांसमोरच हे करावे.

याच ११ कार्बनच्या पिंजऱ्यापासून दक्षिण आफ्रिकेतल्या गटांनी एनएमडीए ग्राही आणि कॅल्शियमच्या वाहिन्या दोन्ही अडवणारे अमाइन बनवून चेतापेशींच्या आजारांसाठी अभ्यासले आहे. भारतात गोवर्धन मेहता यांनी हैदराबादला प्रिझमेन कुळातल्या (लोलकाच्या आकाराच्या) अवघड पिंजऱ्यांच्या संश्लेषणावर मूलभूत काम केले. त्यांचे विद्यार्थी सांबशिवराव कोथा यांनी मुंबईच्या आयआयटीत कुकसन यांच्या डायकीटोनपासून कितीतरी नवे पिंजरे बांधले. एम.एस्सी.नंतर या विषयात शिरायचे असेल तर त्यांचे शोधनिबंध आधी वाचा.

२०. एकाच रुग्णाला अ‍ॅडमँटेनची दोन औषधे चालतात का?

कुठली दोन, त्यावर अवलंबून आहे. अमँटाडिन आणि मेमँटिन एकत्र देणे टाळतात, कारण दोघे एकाच वाहिनीवर काम करतात आणि गोंधळ, भास असे त्रास वाढतात. पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश एकाच माणसात दिसणे नवे नाही. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या असतील तर दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवा. खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर तेही सांगा. त्यात अ‍ॅडमँटेन नाही, पण ते त्याच वाहिनीवर काम करते. याउलट मेमँटिनसोबत व्हिल्डाग्लिप्टिन किंवा चेहऱ्याला अ‍ॅडापॅलिन यात सांगाडा सारखा असल्यामुळे अडचण येत नाही. त्यांची कामाची जागा वेगवेगळी आहे.